इंग्रजी शब्द पाठ करून घेऊ नका, वापरात आणा: पाचवी ते आठवीसाठी माझी पद्धत

मी पाचवी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. पालक भेटले की हमखास एक प्रश्न येतो : "बाई, रोज किती शब्द पाठ करून घेऊ?" दहा हा आकडा त्यांनी मनात आधीच धरलेला असतो. मी दोन सांगते, फार तर तीन. त्यांना ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

दहा शब्दांची यादी रात्री पाठ होते आणि सकाळी घडाघडा म्हणूनही दाखवता येते. पुढच्या आठवड्यात त्यातला एखादाच शब्द शिल्लक असतो, आणि तोही अर्धामुर्धा. 'रिलक्टंट' म्हणजे काय विचारलं की 'नाखूश' असं उत्तर झटकन येतं. "मग वाक्य कर" म्हटलं की मूल 'आय ॲम रिलक्टंट' एवढ्यावर थांबतं. या शब्दापुढे बहुधा 'टू' आणि क्रियापद येतं आणि एखादी गोष्ट करायला मन तयार होत नसेल तेव्हा तो वापरतात, हे यादीनं त्याला सांगितलेलंच नसतं. 'शी वॉज रिलक्टंट टू लीव्ह हर डॉग' हे एक वाक्य नीट समजलं असतं तर ही सगळी माहिती त्यातूनच मिळाली असती.

शब्द कमी घ्यावेत आणि घेतलेल्या प्रत्येक शब्दाशी मुलाची पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाक्यांत गाठ पडावी, असं माझं म्हणणं आहे. पुढचं सगळं ही गाठ कशी घालून द्यायची याबद्दल आहे.

कोणते शब्द निवडायचे

शब्दकोशातून किंवा 'कठीण शब्द' असं नाव दिलेल्या तक्त्यांतून शब्द उचलू नका. मुलाच्या हातात जे पाठ्यपुस्तक किंवा गोष्टीचं पुस्तक आहे, त्यातूनच उचला.

त्याआधी पाया पाहून घ्या. मायकल वेस्ट हे पूर्वी ढाक्यात शिक्षक घडवण्याचं काम केलेले शिक्षणतज्ज्ञ. इंग्रजीत सर्वांत उपयोगी पडणाऱ्या सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा याद्या नंतर आणखी झाल्या, पण मुद्दा तोच राहिला : 'एनफ', 'बिकॉज', 'बिटवीन', 'कॅरी', 'ऑलमोस्ट', 'इन्स्टेड' असे शब्द प्रत्येक पानावर भेटतात. सातवीतल्या मुलाला 'मॅग्निफिसंट' येतो पण 'ऑलमोस्ट' आणि 'ऑलवेज' यांत त्याचा गोंधळ होतो, असं मी नेहमी पाहते. तसं असेल तर मोठे शब्द काही महिने बाजूला ठेवा. यात कमीपणा नाही. हे शब्द पक्के झाल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही.

पाया ठीक असेल तर शब्दांचे तीन गट मनात ठेवा. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही विभागणी मला वर्गात फार उपयोगी पडते. पहिल्या गटात बोलता बोलता कळणारे शब्द येतात : 'हाउस', 'रन', 'हॅपी'. तिसऱ्या गटात एकेका विषयाचे शब्द : 'क्लोरोफिल', 'लॅटिट्यूड', 'डिनॉमिनेटर'. हे त्या त्या विषयाच्या तासाला समजावले जातात, त्यांच्यावर वेगळा वेळ घालवायची गरज नसते. मधला गट मात्र पोरका राहतो : 'कंपेअर', 'प्रिव्हेंट', 'रिड्यूस', 'ऑकर', 'रिक्वायर', 'इव्हिडन्स', 'ग्रॅज्युअली', 'रिलक्टंट'. हे विज्ञानातही येतात, इतिहासातही येतात आणि गोष्टीतही. पण शिकवत कोणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की ते मुलांना येतच असतील. प्रश्नपत्रिकेत 'कंपेअर' आणि 'डिस्क्राइब' यांतला फरक न कळल्यामुळे येत असलेलं उत्तर चुकतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तुमचे रोजचे दोन शब्द या मधल्या गटातले असू द्या.

वाचनाचं पुस्तक निवडताना एक साधी चाचणी करा. कुठलाही शंभरेक शब्दांचा उतारा घ्या आणि मुलाला न येणाऱ्या शब्दांवर टिंब करायला सांगा. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट कळायला उताऱ्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. पाचाच्या वर टिंबं झाली तर ते पुस्तक तुम्ही सोबत बसून वाचा. एकट्यानं वाचायला त्याहून सोपं द्या, मग ते खालच्या इयत्तेच्या मुलांसाठी लिहिलेलं असलं तरी चालेल.

दोन रकान्यांची वही बंद करा

डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ अशी वही घरोघरी असते. ती बंद करून नवी वही घ्या आणि प्रत्येक शब्दाला अर्धं पान द्या. वर शब्द. त्याखाली तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य जसंच्या तसं. मग त्या वाक्यातला मराठी अर्थ. मग त्याचे शेजारी आणि भावंडं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. शेवटी मुलाचं स्वतःचं वाक्य, आणि ते खऱ्या आयुष्यातलं हवं. 'द किंग वॉज रिलक्टंट' नको. 'आय वॉज रिलक्टंट टू गिव्ह माय न्यू पेन टू माय ब्रदर' असं हवं, कारण त्यामागचा प्रसंग मुलाला आठवतो आणि प्रसंगाबरोबर शब्दही आठवतो.

मराठी अर्थ लिहू द्यावा की नाही, यावर शिक्षकांत वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे : लिहू द्यावा. 'प्रिव्हेंट' म्हणजे 'होऊ न देणं' हे मराठीतून एका क्षणात कळतं. तेच इंग्रजीतून समजावताना आणखी चार अनोळखी शब्द वापरावे लागतात. मात्र सहावी-सातवीपासून विद्यार्थ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी कोशही शेजारी ठेवा. मोठा जाडजूड कोश नको. विद्यार्थ्यांच्या कोशात अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत दिलेले असतात. लाँगमननं १९७८ मध्ये काढलेल्या अशा कोशात सगळे अर्थ सुमारे २००० शब्दांचा वापर करून लिहिले होते. मघाशी सांगितलेला पाया पक्का असलेल्या मुलाला असा कोश स्वतःचा स्वतः वाचता येतो, आणि हे जमायला लागलं की त्याचं पुस्तकाशी असलेलं नातंच बदलतं.

कोशातला पहिला अर्थ उतरवून काढायची सवय मात्र मोडावी लागते. 'सॉल्यूशन' विज्ञानात द्रावण, गणितात उकल आणि भांडणाच्या गोष्टीत तोडगा. 'पॉवर' गणितात घातांक, विज्ञानात शक्ती, इतिहासात सत्ता. 'टेबल' म्हणजे तक्ताही आणि 'व्हॉल्यूम' म्हणजे घनफळही. म्हणूनच वहीत आधी वाक्य येतं आणि मग अर्थ.

मुलांकडे आधीपासून असलेले शब्द

मला इंग्रजी येतच नाही, असं म्हणणाऱ्या मुलाला मी एक कागद देते आणि मोबाइलवर रोज दिसणारे शब्द आठवून लिहायला सांगते. रिचार्ज, रिस्टार्ट, रिप्लाय, अनलॉक, अनइन्स्टॉल, डिस्कनेक्ट, डाउनलोड, अपडेट, इनबॉक्स, इनव्हॅलिड. पान भरतं. मग त्याच्याच यादीवरून विचारते : 'रिचार्ज' आणि 'रिस्टार्ट' या दोन्हींत 'री' कशाला आलाय? पुन्हा, हे तो स्वतःच सांगतो. 'अनलॉक'मधला 'अन' काय करतो? केलेलं उलटवतो. 'डिस्कनेक्ट'? जोडलेलं तोडतो. एवढं हाती आलं की 'रीराइट', 'रीयूज', 'अनटाय', 'डिसअपिअर' हे शब्द पुस्तकात पहिल्यांदा दिसले तरी परके वाटत नाहीत.

शालेय पुस्तकांमधल्या इंग्रजीवर थॉमस व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक हिशेब मांडला होता. उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के शब्दांत फक्त चारच उपसर्ग होते : 'अन', 'री', 'इन' आणि 'डिस'. यातला 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, म्हणून 'इम्पॉसिबल', 'इर्रेग्युलर', 'इल्लीगल'. तेव्हा पन्नास उपसर्गांचा तक्ता भिंतीवर लावायची घाई करू नका. हे चार आधी घोटून घ्या.

एक सावधगिरी मात्र शिकवा. उपसर्ग झाकल्यावर मागे अर्थाचा शब्द उरतो का, ते पाहायचं. 'अंकल'मध्ये 'अन' उपसर्ग नाही. शब्द उरला तरी कधी कधी तो फसवतो : 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. आणि 'इन्फ्लेमेबल' लिहिलेल्या टाकीजवळ काडी पेटवायची नाही, कारण त्याचा अर्थ 'पेट घेणारं' असाच आहे. हा शेवटचा शब्द मी प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगते. जिवाशी गाठ आहे.

मराठीची मदत घ्या

या भागाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण मराठी येणाऱ्या मुलांचा हा मोठा फायदा आपण वाया घालवतो.

मराठीच्या तासाला उपसर्ग शिकलेले असतात. 'हार'पासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. एकच मूळ, पुढचा तुकडा बदलला की शब्द बदलला. इंग्रजीत 'पोर्ट' तसाच आहे. लॅटिनमधून आलेल्या या मुळाचा अर्थ वाहून नेणं. 'इम्पोर्ट' म्हणजे आत आणणं, 'एक्सपोर्ट' म्हणजे बाहेर पाठवणं. आपल्याकडे आयात आणि निर्यात. 'आ' आणि 'निर्' तेच काम करतात. 'ट्रान्सपोर्ट' म्हणजे वाहतूक आणि 'पोर्टेबल' म्हणजे सहज वाहून नेता येईल असं. एखादं चौकस मूल विचारतंच : मग 'एअरपोर्ट'? तिथला 'पोर्ट' लॅटिनमधल्या बंदर या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं मनापासून कौतुक करा आणि दिसायला सारखी मुळंही कधी वेगळी असतात, हे वहीत लिहायला लावा.

आता विज्ञान-भूगोलाच्या पुस्तकाकडे या. आपले पारिभाषिक शब्द पुष्कळदा इंग्रजी शब्दाच्या तुकड्यांसमोर तुकडे ठेवून घडवलेले आहेत. 'मायक्रो' म्हणजे सूक्ष्म, 'स्कोप' म्हणजे पाहण्याचं साधन. 'मायक्रोस्कोप' म्हणजे सूक्ष्मदर्शक. 'फोटो' प्रकाश, 'सिंथेसिस' संश्लेषण. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण. 'हेमी' अर्धा, 'स्फिअर' गोल, गोलार्ध. 'ट्राय' तीन, 'अँगल' कोन, त्रिकोण. 'युनिसेल्युलर' एकपेशीय आणि 'मल्टिसेल्युलर' बहुपेशीय. 'बायोडायव्हर्सिटी' म्हणजे जैवविविधता. 'इन्व्हर्टिब्रेट' बघून मुलं दचकतात, पण 'अपृष्ठवंशीय' शेजारी लिहा आणि दोन्हींचे तुकडे एकाखाली एक मांडा : 'इन' म्हणजे 'अ', 'व्हर्टिब्रा' म्हणजे पाठीचा मणका. भीती तिथेच संपते.

करायचं असं. रविवारी विज्ञानाचं पुस्तक घ्यायचं, एका धड्यातले तीन पारिभाषिक शब्द निवडायचे आणि इंग्रजी-मराठी दोन्हींचे तुकडे उभ्या रेघा मारून पाडायचे. प्रत्येक तुकड्यापासून आणखी एकेक शब्द शोधायचा. 'मायक्रो'पासून 'मायक्रोफोन', 'स्कोप'पासून 'टेलिस्कोप', 'टेली'पासून 'टेलिव्हिजन', म्हणजेच दूरदर्शन. इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी हा खेळ आवर्जून खेळावा. त्यांना इंग्रजी संज्ञा पाठ असते, पण तिच्या आत काय आहे ते मराठी संज्ञा ऐकेपर्यंत उमगलेलं नसतं.

स्पेलिंगलाही भावंडांची, म्हणजे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांची, मदत होते. 'साइन'मध्ये 'जी' का लिहायचा, तो उच्चारत तर नाहीत? 'सिग्नेचर' आणि 'सिग्नल' म्हणून पाहा, 'जी' ऐकू येतो. 'बॉम्ब'मधला शेवटचा मुका 'बी' 'बॉम्बार्ड'मध्ये बोलतो. 'मसल'मधला 'सी' 'मस्क्युलर'मध्ये 'क' होऊन येतो. असे शब्द एकटे पाठ करण्यापेक्षा भावंडांसकट लिहा, दहा-दहा वेळा घोटायची वेळ येत नाही.

शब्दाचे शेजारी

शब्द एकटा राहत नाही. इंग्रजीत 'मिस्टेक'बरोबर 'मेक' येतो आणि 'होमवर्क'बरोबर 'डू'. मराठीत चूकही 'करतात' आणि गृहपाठही 'करतात', त्यामुळे मुलं 'डू अ मिस्टेक' लिहितात. यात मूल निष्काळजी नसतं, ते मराठीतून विचार करत असतं, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून रागावण्यापेक्षा कुठे मराठीची वाट सोडायची, त्या जागा आधीच दाखवून ठेवाव्यात.

माझ्या अनुभवात वारंवार येणाऱ्या जागा अशा. आपण लक्ष 'देतो', म्हणून मुलं 'गिव्ह अटेन्शन' लिहितात; हवं असतं 'पे अटेन्शन'. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी 'टेक अ टेस्ट' करतो. फोटो आपण काढतो, तिथे 'टेक अ फोटो'. आपण दिवा 'बंद' करतो, म्हणून 'क्लोज द लाइट' येतं; हवं 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ'. पाऊस जोराचा असतो, इंग्रजीत तो 'हेवी' असतो. आपल्याला स्वप्न पडतं, त्यांना 'हॅव अ ड्रीम'.

विभक्तीही अशाच फसवतात. आपण कोणावर तरी रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं 'अँग्री विथ मी'. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. 'डिस्कस'ला मागे काही लागतच नाही, सरळ 'डिस्कस द प्रॉब्लेम'. कुत्र्यापासून लांब राहतो म्हणून 'अफ्रेड फ्रॉम'. हवं 'अफ्रेड ऑफ'.

म्हणून वहीत 'अफ्रेड' लिहायचा नाहीच. 'अफ्रेड ऑफ' लिहायचा. 'अटेन्शन' एकटा नाही, 'पे अटेन्शन टू' असा पूर्ण. पाठ करायचंच असेल तर दोन-तीन शब्दांचा हा गुच्छ पाठ करा. बोलताना तो तसाच्या तसा तोंडात येतो, जुळवाजुळव करत थांबावं लागत नाही. निबंधात फरक दिसतो तो इथून दिसतो. मोठमोठे शब्द पेरलेला पण शेजारी चुकलेला निबंध वाचवत नाही.

उजळणीचा डबा

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेगानं विसरले जातात, हे स्वतःवरच मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत जोरात होतं, नंतर मंदावतं. म्हणजे आज शिकलेला शब्द महिन्यानं एकदा पाहण्यात अर्थ नाही. उद्या पाहायचा, मग जरा अंतरानं, मग आणखी अंतरानं.

हे अंतर सांभाळायची सोपी सोय सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवली. बुटाचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठे लावून त्याचे पाच कप्पे करा. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं, असं वेळापत्रक मी देते. पाचव्यातही बरोबर आलेलं कार्ड बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवायचं. मुलांना ते पाकीट फुगताना बघायला फार आवडतं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका. गाळलेली जागा असलेलं वाक्य लिहा : 'प्लीज ___ अटेन्शन टू द बोर्ड.' मागे उत्तर आणि मराठी अर्थ. सुरुवातीला कार्डं तुम्ही तपासून द्या, कारण चुकीचं वाक्य पाचही कप्प्यांतून फिरलं तर ती चूक पक्की होते.

उत्तर आठवायचा प्रयत्न केल्याशिवाय कार्ड उलटू देऊ नका. हा नियम मी सगळ्यांत कडकपणे पाळायला लावते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. "आत्ता तर येत होतं" असं रडवेल्या चेहऱ्यानं सांगणाऱ्या मुलाचं नेमकं हेच झालेलं असतं. त्यानं वाचलेलं असतं, आठवून पाहिलेलं नसतं.

सगळं मिळून रोज वीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं डब्याला, दहा नव्या शब्दांना. आठवड्यात पाच दिवस नवे शब्द, शनिवारी फक्त डबा, रविवारी विज्ञानाचा खेळ. रोजचे दोन धरले तरी चाळीस आठवड्यांत ४०० शब्द होतात, आणि हे शब्द वापरता येणारे असतात.

तोंडानं म्हणणं

शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहू द्यावा, पहिल्या भेटीपुरता. पण देवनागरी जोर कुठे द्यायचा ते दाखवत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तेव्हा जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तेव्हा दुसऱ्यावर. 'प्रेझेंट'चंही तसंच. ज्या भागावर जोर आहे त्याच्याखाली रेघ मारायची सवय लावा. कोशाच्या ॲपमध्ये उच्चार ऐकायची सोय असते, ती वापरून शब्द तीन वेळा मोठ्यानं म्हणू द्या आणि मग पूर्ण वाक्य म्हणू द्या. लाजणाऱ्या मुलांना वर्गात एकटं उभं करून उच्चार सुधारू नये. सगळ्या वर्गाकडून एकत्र म्हणवून घ्यावं.

वाचताना अडलं तर

प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबलं की गोष्टीतली गंमत जाते. मुलांना सांगा, पेन्सिलनं टिंब करा आणि पुढे चला. तोच शब्द पानभरात पुन्हा भेटला किंवा त्याच्यावाचून गोष्टच कळेना, तेव्हाच थांबायचं. थांबल्यावर आधी हे नाम आहे की क्रियापद ते बघायचं, मग आजूबाजूचं वाक्य, मग शब्दात ओळखीचा तुकडा आहे का. मग अंदाज मोठ्यानं सांगायचा आणि कोश उघडून पडताळायचा. पडताळणं गाळू नका. 'ही वॉज एक्झॉस्टेड आफ्टर द रेस' या वाक्यात दमला, जिंकला, खूश झाला असे तीनही अंदाज बसतात.

वाचनाला पर्याय नाही, आणि आवडीचं वाचन सर्वांत चांगलं. क्रिकेटवेड्या मुलाला सामन्याचं इंग्रजी वृत्त द्या, प्राणी आवडणाऱ्या मुलीला प्राण्यांवरचं चित्रांचं पुस्तक द्या. एकाच विषयावरचं वाचलं की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, आणि उजळणी आपोआप होते.

महिन्यानं तपासताना

स्पेलिंग आणि अर्थ विचारू नका. वहीचं कुठलंही पान उघडा, त्यावरून तीन शब्द निवडा आणि आज शाळेत काय झालं ते हे तीन शब्द वापरून इंग्रजीत सांगायला सांगा. व्याकरण चुकलं तरी मध्ये टोकू नका, पूर्ण बोलू द्या. शब्द योग्य जागी आणि योग्य शेजाऱ्याबरोबर आला का, तेवढंच बघा. तीनपैकी दोन आले तर गाडी नीट चालली आहे. एकही आला नाही तर नवे शब्द पंधरा दिवस थांबवा, ती कार्डं पहिल्या कप्प्यात टाका आणि त्यांची वाक्यं मुलाकडून नव्यानं करून घ्या.